मागच्या बाकावरचा धूर

दिवाळीच्या आधीची झाडलोट म्हणजे आमच्या घरी एक लहानसे उत्खननच असते. गेल्या वर्षी गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या भाऱ्यांखाली, पोत्यांत गुंडाळलेले एक धूड निघाले. सौ.ला प्रथम ते जाते वाटले. पण दोघांनी मिळून ढकलले तरी ते तसूभर हलेना, तेव्हा मी सुतळी तोडली. आत काळ्या लोखंडाचे इंजिन होते. वंगण सुकून त्यावर डिंकासारखा थर चढला होता, आणि एका भोकात कुणीतरी चिंधीचा बोळा घट्ट कोंबून ठेवला होता. तो बोळा पाहिला आणि मला सगळे आठवले. १९९० सालच्या डिसेंबरात तो मीच कोंबला होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आणि आत उंदीर जाणार नाही हे पाहण्याचे काम अण्णांनी माझ्यावर सोपवले होते.

हे आमच्या जीपचे मूळचे पेट्रोल इंजिन. अण्णांनी ते काढून डिझेलचे बसवले, पण जुने मोडीत घातले नाही. "चांगलं आहे ते. चांगली वस्तू मोडीत घालू नये," एवढेच ते म्हणाले होते. योगायोग असा की ज्या आठवड्यात हे निघाले, त्याच आठवड्यात जीपमधल्या डिझेल इंजिनाने मान टाकली होती. लायनर गेलेले, ब्लॉकला तडा. मिस्त्रींनी बोनेट खाली टाकले आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "गुरुजी, आता दोनच वाटा. कुठूनतरी दुसरं डिझेल आणून बसवू, नाहीतर तुमचं गोठ्यातलं पेट्रोल खोलून बघू. तुम्ही सांगाल ते."

या 'तुम्ही सांगाल ते'ने माझे पुढचे सहा महिने खाल्ले. वाचकांना वाटेल, जुन्या गाडीत कोणते इंजिन घालावे हा काय दिवाळी अंकात मांडण्याचा प्रश्न झाला! मलाही आधी तसेच वाटले. हिशेब करायचा, स्वस्त पडेल ते घ्यायचे आणि मोकळे व्हायचे. पण हिशेबाला बसलो, आणि एकेक रक्कम कोणाच्या नावावर मांडायची हेच कळेनासे झाले.

आमचे गाव पाटण तालुक्यातले, कराडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यापासून बरेच आत, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्यात इथे पाऊस पडतो असे कोणी म्हणत नाही. पाऊस राहायला येतो असे म्हणतात. अण्णांनी एका लिलावात उंच बोनेटची विलिज जीप घेतली, ती त्या काळी गावातली एकमेव मोटार. लग्नाची वरात, अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला गडी, असे काही असले तरच ती निघे. कारण ती पेट्रोल प्यायची. भरलेली जीप चढाला लिटरमागे सात किलोमीटर धावली तरी अण्णा खूश असत. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले, आणि त्याची झळ आमच्या चिंचेखाली उभ्या असलेल्या जीपपर्यंत पोहोचली. पेट्रोल महागले. कुठे कुवेत, कुठे आमची वाडी! पण तेलाला भूगोल फार चांगला येतो.

त्या हिवाळ्यात कराडहून एक फिटर आला. चिंचेच्या फांदीला साखळीची कप्पी बांधली, आणि जीपचे काळीज वर उचलले गेले. अपघातात चेपलेल्या एका महिंद्रा जीपमधून काढलेले, प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावर आपल्याकडेच बनलेले डिझेल इंजिन तिच्यात उतरवले. ते जड होते. पुढचे पाटे दबले आणि जीप जरा मान खाली घालून उभी राहू लागली. सुरू झाली की सगळे अंग थरथरे. आई म्हणाली, "हिला हिवताप झालाय." पण पहिल्या गिअरात ती चढाला लागली की बैलासारखी ओढायची. घाई नाही, आरडाओरडा नाही, थांबणे नाही.

असे का, हे मी सातवीच्या मुलांना सायकलच्या पंपावर शिकवतो. पंपाचे तोंड बोटाने दाबून जोरजोराने हवा भरली की पंपाचा बूड गरम लागतो. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण सातपट दाबतात, जुन्या जीपचे तरी तेवढेच, आणि मग विजेची ठिणगी पाडून पेटवतात. डिझेलमध्ये नुसती हवा दाबतात, तीही वीस-बावीसपट. ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेटतो. ठिणगीची गरजच नाही. म्हणून प्लग नाही, पॉइंट नाही, डिस्ट्रिब्यूटर नाही. आमच्या पेट्रोल जीपचे निम्मे आजार तर याच मंडळींचे होते. ओढ्यातून जाताना पाणी उडाले की ठिणगी विझायची, आणि मग अण्णा गुडघाभर पाण्यात उभे राहून धोतराच्या सोग्याने डिस्ट्रिब्यूटर पुसत. डिझेल आल्यापासून ओढा हा अडथळा न राहता केवळ रस्त्याचा ओला भाग झाला.

अण्णांची वही माझ्याकडे आहे. तिच्यात रोजची आवक आणि रोजचे लिटर लिहिलेले आहेत. डिझेलवर जीप लिटरला अकरा-साडेअकरा किलोमीटर जाऊ लागली; आणि डिझेलचा भाव त्या काळी पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे किलोमीटरचा खर्च एकदम तिसऱ्या हिश्श्यावर आला. इथे एक गोष्ट घडली जी वहीत लिहिलेली नाही. पेट्रोलवर जीप भाड्याने घ्यावी लागे ती सगळी. डिझेलवर ती माणशी परवडू लागली. आमच्या भागात याला वडाप म्हणतात. बाजाराच्या दिवशी कोंबड्या घेऊन जाणारी म्हातारी, परीक्षेला निघालेला पोरगा, दवाखान्यात दर आठवड्याला सुई टोचून घेणारा क्षयाचा रोगी, हे सगळे जीपमध्ये बसले ते डिझेलमुळे. पेट्रोलच्या जीपने गावातल्या चारसहा घरांची सोय केली. डिझेलच्या जीपने गाव हलवले.

रूडॉल्फ डिझेल या गृहस्थांना हे पाहून बरे वाटले असते, असे मला नेहमी वाटते. १८५८ साली पॅरिसमध्ये बव्हेरियन आईबापांच्या पोटी हा मुलगा जन्मला. बाप पुस्तकबांधणीचा कारागीर. १८७० च्या युद्धात जर्मन म्हणून कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावे लागले. मोठेपणी त्याने पाहिले की वाफेचे अवाढव्य इंजिन फक्त कारखानदाराला परवडते, आणि लहान कारागीर त्याच्यापुढे चिरडला जातो. काटकसरीने चालणारे लहान इंजिन निघाले तर कारागीर पुन्हा आपल्या पायांवर उभा राहील, ही त्याची आशा होती. १८९७ साली आउग्सबुर्गला त्याचे इंजिन यशस्वी झाले. त्या वेळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी कमी जळणात ते काम करी. १९०३ साली त्याने कामगारांनी एकजुटीने उद्योग कसे चालवावेत यावर एक पुस्तकही लिहिले. ते फारसे कोणी वाचले नाही. इंजिन मात्र सगळ्यांनी घेतले: मोठ्या जहाजांनी, आणि पुढे युद्धात पाणबुड्यांनी. १९१३ च्या २९ सप्टेंबरच्या रात्री अँटवर्पहून हार्विचला निघालेल्या बोटीवरून तो नाहीसा झाला, आणि काही दिवसांनी समुद्रात प्रेत सापडले. अपघात की आत्महत्या, हे शेवटपर्यंत ठरले नाही. ज्याच्यासाठी त्याने ते इंजिन योजले, तो लहान माणूस त्याला भेटला असलाच तर आमच्या चिंचेखाली.

इथवर हिशेब सरळ आहे, आणि इथेच थांबलो असतो तर मी सुखी झालो असतो.

पण डिझेल स्वस्त का होते? ते काही आपल्या गुणाने स्वस्त नव्हते. भाव सरकार ठरवी, आणि एसटी, मालमोटारी, शेतातले पंप यांच्यासाठी डिझेल मुद्दाम खाली ठेवले जाई. गोरगरिबांच्या दिव्यासाठी रॉकेल त्याहून खाली. त्याची भरपाई पेट्रोल घेणाऱ्यांकडून आणि इतर तेलांवरून व्हायची. ही सगळी रचना २००२ साली कागदोपत्री मोडली, तरी डिझेलचा भाव खऱ्या अर्थाने मोकळा झाला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या वर्षांत शहरातल्या ऐपतदारांनी त्या स्वस्ताईसाठी मोठमोठ्या डिझेल मोटारी घेतल्या. त्यांना मी मनातल्या मनात बरेच बोललो आहे. पण एसटीसाठी ठेवलेल्या डिझेलवर एसटीचेच प्रवासी पळवणारे आम्ही वडापवाले कोण होतो? आमच्या गावची दुपारची एसटी रिकामी धावू लागली आणि एके दिवशी बंद झाली. ज्या दिवशी जीप बिघडे, त्या दिवशी म्हातारी कोंबड्यांसह रस्त्याच्या कडेला बसून राही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना अण्णांचा फोटो समोर आहे. एका पावसाळ्यात त्यांनी डिझेलमध्ये रॉकेल मिसळायला सुरुवात केली. तेव्हा अनेक जण मिसळत. रेशनचे रॉकेल कार्डावर मिळे. शेजारपाजारच्यांचे थोडे जास्त पैसे देऊन घेता येई. त्याच महिन्यात आमची वीज चार-चार दिवस गुल असे, आणि माझी चाचणी परीक्षा होती. एका रात्री कंदील घेऊन आईकडे गेलो, तर तिने डबा उलटा करून दाखवला. ती काही बोलली नाही. बाहेर अण्णांची जीप उभी होती. माझा उजेड तिच्या टाकीत होता. अण्णांनी पुढे तो उद्योग बंद केला, पण सद्बुद्धीने नव्हे. रॉकेलला डिझेलइतके वंगण नसते. फवाऱ्याचा पंप आतून झिजला, आणि मिस्त्रीने जे बिल दिले त्यात चार महिन्यांची बचत वाहून गेली. बिलाने जे साधले ते माझ्या कंदिलाने साधायला हवे होते, असे मला पुष्कळ वर्षे वाटत असे. आता तसे वाटत नाही. त्याच वर्षी ताईच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर होते, आणि त्याच वहीत माझ्या शाळेची फी आणि पुस्तके लिहिलेली आहेत. त्या भेसळीचा एक वाटा मीच गिळला होता.

धुराचे काय, हा प्रश्न तर त्या काळी कोणी विचारतच नसे. जीप चढाला लागली की मागे काळे शेपूट निघे. मुलांना त्याचे कौतुक वाटे. जास्त धूर म्हणजे जास्त जोर, अशी आमची समजूत होती. वस्तुतः काळा धूर म्हणजे न जळलेले इंधन, म्हणजे बिघाड आणि तोटा. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोग करतो असा निर्वाळा देऊन त्याला पहिल्या गटात टाकले. त्यातली काजळी इतकी बारीक असते की नाकातोंडातून थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत दहा भाग एवढेच असते, आणि नव्या गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी असते. जुन्या जीपला नवे डिझेल मिळते, गाळणी मिळत नाही.

मग पेट्रोलच बरे, असे म्हणून मी एकदा निर्णय करूनही टाकला होता. पेट्रोलचा धूर दिसत नाही. पण न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे मास्तराला तरी कळायला हवे. अण्णांच्या जीपमध्ये जे पेट्रोल जळे त्यात शिसे घातलेले असे. इंजिन ठोकू नये म्हणून ते घालीत, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करी. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. जगात रस्त्यावरच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून शिसे पुरते गेले ते २०२१ साली. म्हणजे ज्या काळात आम्ही काळ्या धुराला नाके मुरडत होतो, त्या काळात स्वच्छ दिसणारा धूर मुकाट्याने आपले काम करीतच होता. शिसे गेले तरी जुन्या पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड डिझेलपेक्षा पुष्कळ जास्त निघतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. डिझेल निदान खोकायला लावून सांगते तरी. (धुराविषयी हे सगळे मी लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात भुईनळे लावून झाल्यावर लिहीत आहे, हेही वाचकांना सांगून टाकतो.)

सहा महिन्यांत मला जे कळले ते एवढेच. फायदा आणि अपाय यांची वजाबाकी तेव्हाच करता येते, जेव्हा दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला येतात. मी उपास केला आणि पैसे वाचवले, तर भूक माझी आणि पैसेही माझे. ती खरी काटकसर. पण गाडी पुढे जाते आणि धूर मागे राहतो. आत बसलेली म्हातारी बाजाराला पोहोचली हे पुण्य खरे; आणि रस्त्याने पायी चाललेल्या, भाड्याचे दोन रुपयेही नसलेल्या दुसऱ्या म्हातारीच्या छातीत काजळी गेली हेही खरे. पहिलीच्या पुण्यातून दुसरीचे पाप वजा करून बाकी आपल्या नावे मांडायची, हा अधिकार अण्णांना कोणी दिला, आणि मला कोणी दिला? दोन खाती वेगळी आहेत. ती वेगळीच राहणार. एक भरलेले आहे म्हणून दुसरे फिटत नाही. चांगल्या हेतूने काम करणाऱ्या माणसांची चूक बहुधा इथेच होते. आम्ही शिक्षक या बाबतीत फार पटाईत. मुलांच्या भल्यासाठी म्हणून आम्ही कायकाय केले आहे, ते मुलांनाच विचारावे.

मला जीप कशासाठी हवी, ते सांगायचे राहिले. वरच्या धनगरवाड्यावरून आमच्या शाळेत अकरा मुले येतात. मध्ये एक ओढा आहे. जून ते सप्टेंबर तो ओलांडता येत नाही, म्हणून ती मुले चार महिने घरी राहतात, आणि चार महिने घरी राहिलेले मूल पाचव्या महिन्यात येईलच असे नसते. दोन-तीन वर्षे मी अण्णांच्याच जीपमधून त्यांना आणतो-नेतो. भाडे घेत नाही. म्हणजे या खेपेला नफ्याचा मोह नव्हता. तरी प्रश्न सुटला नाही, उलट अवघड झाला. कारण आता लाभ आणि धूर एकाच बाकावर बसणार होते. उघड्या पाठीच्या जीपचे एक वैगुण्य असते: गाडी पुढे गेली की मागे हवेची पोकळी होते, आणि नळीतून निघालेला धूर त्या पोकळीतून वळून आत येतो. पावसात ताडपत्रीचा पडदा सोडला तर जो आत शिरला तो आतच राहतो.

दादा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "पेट्रोल घाल. पोरं बसणार आहेत." मिस्त्री म्हणाले, "पेट्रोल त्या ओढ्यात बंद पडलं, आणि वरून लोंढा आला, तर?" सौ. म्हणाली, "दोघंही बरोबर बोलताहेत, म्हणून तुम्हीच काय ते ठरवा." आईने फक्त विचारले, "यांचं जुनं इंजिन मोडीत नाही ना घालणार?"

मी डिझेल निवडले. ते निर्दोष आहे म्हणून नाही. ओढ्यात बंद पडणार नाही म्हणून. मधल्या पाण्यात अकरा मुलांसह थांबलेली गाडी मला स्वप्नात दिसू लागली होती, आणि त्या भीतीपुढे काजळी लहान ठरली. लहान ठरली, नाहीशी झाली नाही. पंप आणि नोझल नवे करून घेतले, धुराची नळी बाजूला काढून लांबवली, कागदपत्रांसाठी आरटीओत चार खेपा घातल्या. गोठ्यातले इंजिन पुन्हा वंगण लावून, पोत्यात गुंडाळून ठेवले. त्या भोकात या वेळी माझ्या मुलीने बोळा कोंबला.

यंदा जुलैत दादा सुट्टीवर आला, तेव्हा एके दिवशी गाडी त्याच्या हाती देऊन मी मुलांबरोबर मागे बसलो. आजवर मी नेहमी पुढे बसून गाडी चालवली. मागचा धूर मला कधी लागलाच नव्हता. चढ सुरू झाला आणि डोळे चुरचुरू लागले. पूर्वीपेक्षा कमी, पण धूर तो धूरच. फळीला टेकून अगदी कडेला बसलेल्या पोरीने फ्रॉकची बाही नाकावर घेतली. मी तिला म्हणालो, "तू आत सरक, मी कडेला बसतो." ती म्हणाली, "नको गुरुजी, आज माझी पाळी आहे." मला कळेना. तेव्हा एका मुलाने समजावून सांगितले. कडेच्या दोन जागी धूर जास्त येतो. म्हणून त्यांनी आपापसात वार ठरवून घेतले होते. सोमवारी कोण, मंगळवारी कोण. आजारी असेल त्याला सूट. पण बरा झाला की त्याने दोन दिवस बसायचे. हे त्यांनी कोणाला विचारले नव्हते, आणि मला सांगायचे त्यांना कारण पडले नव्हते.

मी माझे नाव त्या यादीत घालून घेतले. मुलांना ते काही पसंत पडले नाही. मोठ्या माणसाने कडेला बसले की आतल्यांना जागा कमी पडते, अशी त्यांची तक्रार. बऱ्याच वाटाघाटीनंतर मला गुरुवार मिळाला. त्या दिवशी गाडी चालवायला मी मिस्त्रींच्या मुलाला बोलावतो.